रंगाखालचे काम

लोद आणि रामले येथे स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळ घरांतून विमानाच्या कारखान्यात कामाला गेलेला एखादा तरी माणूस निघतो. १९५३ साली लोदच्या विमानतळावर ‘बेदेक’ नावाने विमाने दुरुस्त करण्याचा कारखाना निघाला. त्याचा पुढे केवढा विस्तार झाला हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईस रेल्वेच्या वर्कशॉपात हत्यार धरलेल्या आपल्या लोकांना अशा कामाचे भय नव्हते. कोणी फिटर झाले, कोणी वायरमन झाले, आणि आमच्यासारखे काही रंगखात्यात गेले. ‘विमानाचे रंगारी’ म्हटले की पाहुणेमंडळी हळूच हसत. भिंतीला चुना फासणे आणि विमानाला रंग देणे ह्यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे.

फरक आहे तो रंगाखाली. प्रत्यक्ष फवारणीला थोडा वेळ लागतो. बाकी सारा वेळ झाकणे, खरवडणे, धुणे आणि घासणे ह्यांत जातो. खिडक्या, रबरी सांधे, हवेचा दाब मोजणारी छिद्रे, सारे आधी कागदाने व चिकटपट्टीने झाकायचे. मग रसायन लावून जुना रंग फुगवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा. तेथे लोखंडी पाते चालत नाही. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने विमानाचा पत्रा ताणला जातो आणि उतरल्यावर सैल पडतो. अ‍ॅल्युमिनियमवर केसाएवढा ओरखडा राहिला, तर हजारो उड्डाणांनंतर त्याची भेग होऊ शकते. बोइंगच्या कित्येक विमानांत सांध्यांजवळ असे ओरखडे सापडले आहेत, आणि ते जुना रंग नि सांध्यातला मसाला धारदार हत्याराने काढताना पडलेले होते.

धुऊन झाले की पाण्याची परीक्षा. पत्र्यावर पाणी सोडायचे आणि पाहत राहायचे. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर पत्रा स्वच्छ. कोठे फाटला तर तेथे तेलाचा अंश आहे, पुन्हा धुवा. नुसते बोट लागलेले असले तरी कळते. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि आम्ही जन्मभर तेलाचा डाग हुडकीत बसलो, असे आमचा एक सोबती म्हणत असे.

एवढे करून अस्तर आणि रंग चढला की आमचे काम दिसेनासे होते. चांगले केलेले तेही, वाईट केलेले तेही. मग प्रश्न पडतो तो असा, की जे कोणी पाहणार नाही, आणि ज्याचे फळ दहा वर्षांनी भलत्याच देशातल्या अनोळखी माणसांना भोगावे लागेल, त्या कामाला आम्ही कितपत बांधलेले आहोत? पुष्कळ जण म्हणतात, आमच्यावर तपासनीस आहे, त्याने सही केली की आमचा संबंध संपला. उत्तर सोयीचे आहे खरे.

२ ऑक्टोबर १९९६ च्या मध्यरात्रीनंतर एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ विमान लिमाहून सांतियागोकडे निघाले. त्यापूर्वी ते धुऊन त्याचा खालचा पत्रा चकचकीत केला होता. ते करताना दाब मोजणारी छिद्रे चिकटपट्टीने झाकली, आणि काम संपल्यावर पट्टी काढायची राहिली. पट्टी रुपेरी, पत्राही रुपेरी. विमान वर गेल्यावर उंची व वेग दाखविणारी यंत्रे खोटे आकडे दाखवू लागली. खाली समुद्र आणि चोहोकडे अंधार. अर्ध्या तासाच्या आत विमान पॅसिफिक महासागरात पडले आणि ७० च्या ७० माणसे मेली. पाण्याला लागताना यंत्रावर सुमारे ९,७०० फूट उंची होती. पुढे न्यायालयाने त्या कामगाराला दोषी ठरविले.

ह्यावर आमच्या खात्यात दोन तट पडले. एक म्हणे, पट्टी ज्याच्या हाताने लागली त्याच्या हाताने निघायला हवी होती. दुसरे काही ऐकायचे नाही. दुसरा म्हणे, काम तपासणाऱ्याला ती दिसली नाही, उड्डाणापूर्वी फेरी मारणाऱ्या वैमानिकाला दिसली नाही, लांबून दिसेल अशा भडक झाकणाऐवजी रुपेरी पट्टी लावलेली कोणी थांबविली नाही, मग सारा भार एका गरिबावर का?

आमच्या मते दोघांनी दोषाला भाकरी समजून वाटणी केली. चौघे चुकले म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर दोष येत नाही. तोरामध्ये नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. पडणारा आपल्या पायाने चालत आला, ही सबब घरधन्याला तेथे मिळत नाही. पण घरधनी जबाबदार म्हणून गवंड्याला कठडा कच्चा बांधायची मोकळीक मिळते, असेही कोणी म्हणणार नाही. तो कामगार दोषी होता. बाकीचेही तितकेच, आपापल्या कामापुरते, पूर्ण दोषी होते.

शिक्षेची गोष्ट मात्र वेगळी. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) आमच्यातल्या एका तरुणाच्या हातून पाते लागले. तो आपण होऊन मुकादमाकडे गेला. ओरखडा मोजला, घासून काढला, काम दीड दिवस अडले. त्या मुलाचा ओव्हरटाइम बंद झाला आणि चारचौघांत बोलणी खावी लागली ती निराळीच. त्यानंतर कित्येक महिने कोणी ओरखडा सांगितला नाही. ओरखडे पडायचे थांबले होते काय?

कोणी म्हणेल, कबुली दिली की माफी, असे झाले तर निष्काळजी माणसाला रानच मोकळे. आम्हांस तसे वाटत नाही. जो वारंवार चुकतो आणि सांगतो, त्याला दुसरे काम देता येते. जो झाकतो, त्याचे काही करता येत नाही, कारण त्याचे नावच कळत नाही. सांगितलेला ओरखडा आणि रंगाखाली दडविलेला ओरखडा लांबीने सारखे असतील, तरी ती एकच कृती नव्हे. आणि खरे सांगण्याची अपेक्षा खालच्यांकडूनच का? अस्तरातले क्रोमेट पत्र्याला गंजू देत नाही, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. हे कामगाराला वेळेवर न सांगणारा मालकही पट्टीच लावीत असतो.

आमच्या खात्यात पुढे झाकलेल्या प्रत्येक छिद्राला आकडा देऊन तो फळ्यावर लिहू लागले. पट्ट्या काढताना दोघांनी मिळून मोठ्याने मोजायचे, एकाने मराठीत मोजले तरी चालेल. नव्या पोरांना त्याचा कंटाळा येई. आम्ही त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावीत असू.