कोसळलेल्या प्रोसेसला काय विचारायचं?

अँड्रॉइडमधली एखादी प्रोसेस कोसळली की तिच्यामागे ‘टूमस्टोन’ नावाची एक फाइल उरते. कोणता सिग्नल आला, कोणत्या पत्त्यावर घात झाला, रजिस्टरांत त्या क्षणी काय होतं, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं, हे सगळं तिच्यात असतं. सिग्नल ११ आणि पत्ता शून्याला खेटून, समजा २४, असेल, तर जाणता माणूस सोर्स न उघडताच ओळखतो: पॉइंटर रिकामा होता, आणि अस्तित्वातच नसलेल्या ऑब्जेक्टचा २४ बाइट पुढचा घटक वाचायला कोणीतरी गेलं. फाइलची मदत इथवरच. पॉइंटर रिकामा कोणी ठेवला, हे तिच्यात नसतं.

जी ओळ कोसळते ती बहुधा निरपराध असते. २०१५ साली उघडकीला आलेला स्टेजफ्राइटचा दोष घ्या. लिबस्टेजफ्राइट या लायब्ररीत एमपी४ फाइल वाचताना एके ठिकाणी दोन आकारांची बेरीज केली जाई. फाइल मुद्दाम बिघडवलेली असली की ती बेरीज ३२ बिटांत मावत नसे आणि उत्तर भलतंच लहान येई. तेवढीच मेमरी मागितली जाई आणि तिच्यात मूळचा मोठा मजकूर ओतला जाई. शेजारची मेमरी खराब होई. मग प्रोसेस कधी तिथेच पडे, कधी पुष्कळ पुढे, या बेरजेशी काही संबंध नसलेल्या फंक्शनमध्ये. पडझडीच्या जागी डागडुजी करणाऱ्याला ती बेरीज दिसणारच नाही. त्याहून बोलकं आहे ते पुढे घडलेलं. पहिली दुरुस्ती नेमकी बेरजेवरच केली होती, तरी ती अपुरी निघाली. एक आकार ६४ बिटांचा होता, आणि मर्यादा तपासायला घातलेली वजाबाकीच त्यामुळे उलटत होती. जागा बरोबर सापडली होती. हा आकार जास्तीत जास्त किती मोठा असू शकतो, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

म्हणून कमांड लाइनवरचा डीबगर मला मोलाचा वाटतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा यातला जुना जाणता. अँड्रॉइडच्या एनडीकेमधून तो २०२२ साली गेला आणि त्याची जागा एलएलडीबीने घेतली. मांडणी मात्र तीच राहिली: फोनवर एक छोटा सर्व्हर, संगणकावर डीबगर, मधे एडीबीची जोडणी, आणि पडद्यावर एक रिकामी ओळ. ती ओळ आपणहून काही सांगत नाही. खिडक्यांनी भरलेल्या आयडीईत प्रत्येक व्हेरिएबलची किंमत समोर मांडलेली असते. नजर तिच्यावरून फिरते आणि पाहिलं म्हणजे समजलं असा भास होतो. इथे किंमत छापायची तर आधी कशाची ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला मनात संशय लागतो. उत्तराआधी अपेक्षा तयार असते, म्हणून उत्तर वेगळं आलं की ते टोचतं. नवशिके ओळीमागून ओळ ‘नेक्स्ट’ देत जातात. ती वाट लांबची, कारण तिच्यात प्रश्नच नाही. मेमरीच्या एका पत्त्यावर वॉचपॉइंट लावायचा आणि इथे शेवटचं कोणी लिहिलं ते विचारायचं, ही खरी चौकशी. प्रोसेसर असे पहारे मोजकेच बसवू देतो, त्यामुळे कुठे बसवायचा हेही नीट विचार करूनच ठरवावं लागतं.

ही चौकशी फुकट होत नाही. डीबगर मूळ सूचनेच्या जागी सापळ्याची सूचना लिहितो, तेव्हा कुठे नेहमीचा ब्रेकपॉइंट बसतो. म्हणजे पाहण्यासाठी बहुधा कोडच बदलावा लागतो. सिस्टिम सर्व्हर थांबवला तर फोन गोठतो, कारण प्रत्येक अ‍ॅप बाइंडर या प्रोसेसांमधल्या दुव्यावरून त्यालाच काही ना काही विचारत असतं. आणि दोन थ्रेडच्या शर्यतीतून होणारी चूक तर कित्येकदा डीबगर जोडताच दिसेनाशी होते. तिथे तो बाजूला ठेवून लॉगकडे वळावं.

पण प्रश्न विचारायची मुभा कोणाला आहे? दुकानातून आणलेल्या फोनवर ‘यूजर’ बिल्ड असते. तिच्यात रूट मिळत नाही, आणि कर्त्याने डीबगची परवानगी ठेवली असेल त्याच अ‍ॅपला डीबगर जोडता येतो. हे बंधन योग्य आहे. पीट्रेस ही लिनक्सची सोय एका प्रोसेसला दुसरीची मेमरी उघडून देते, आणि त्या मेमरीत बँकेच्या अ‍ॅपची गुपितं असतात. फोनच्या मालकालाच कायमचं बाहेर ठेवणं मात्र मला मान्य नाही. बूटलोडर खुला करताना फोनवरचा सगळा डेटा पुसला जातो, ही तोड मला न्याय्य वाटते. चोराच्या हाती जुनं काही लागत नाही, आणि मालकाला आपली बिल्ड चढवून आतल्या प्रोसेसची चौकशी करता येते. काही कंपन्या ही वाटच ठेवत नाहीत. पण बाहेरच्यांनी विचारलेले प्रश्न सगळ्यांच्याच कामी येतात: स्टेजफ्राइटचा दोष शोधणारे जोशुआ ड्रेक गूगलमध्ये नोकरीला नव्हते. पहिली दुरुस्ती अपुरी आहे हे दाखवणारेही बाहेरचेच होते. २०१५ च्याच ऑगस्टपासून अँड्रॉइडची मासिक सुरक्षा-पत्रकं सुरू झाली, आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये लिबस्टेजफ्राइट जिच्यात चाले त्या मीडियासर्व्हर प्रोसेसचे तुकडे करून प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार दिले गेले. बूटलोडर बंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या फोनमध्येही आज याच सुधारणा चालतात.