एकोणीस दिवस

ताईने फोनवर विचारलं, "बाबांची भजनं नीट आहेत ना रे?" मी म्हणालो, "हो गं, अगदी सुरक्षित." त्या वेळी समोरच्या पडद्यावर डिस्क ३ पुढे लाल फुली होती, आणि ती येऊन ११ दिवस झाले होते.

बाबांच्या भजनांच्या २३ कॅसेट होत्या. फितींना बुरशी लागायला लागली होती, म्हणून ताईने त्या माझ्याकडे दिल्या. मी एकेक वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि काम झाल्यावर तिला म्हणालो, "आता या ठेवून काय करायचंय?" तिने माझ्या शब्दावर टाकून दिल्या. म्हणजे मूळ काही उरलेलं नाही. उरलंय ते माझ्या घरच्या सर्व्हरवर, डिस्क ३ वर.

सर्व्हर अनरेड नावाच्या प्रणालीवर चालतो. ४ टीबीच्या चार डिस्क आहेत, तीन माहितीच्या आणि एक पॅरिटीची. प्रत्येक डिस्कवर त्याच जागी जो शून्य किंवा एक असतो, त्यांत एकांची संख्या सम यावी असा अंक पॅरिटीच्या डिस्कवर लिहिलेला असतो. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यावर काय होतं ते काढता येतं. एखाद्या डिस्कवर लिहिणं फसलं की अनरेड तिला बाजूला काढतं, फुली मारतं आणि तिच्या जागी हा हिशोब चालू ठेवतं. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी एक भजन लावून बघितलं. बाबा सुरू करण्याआधी हलकेच खाकरायचे, तेही ऐकू आलं. ज्या डिस्कवर ते होतं तिला कुणी हातसुद्धा लावत नव्हतं. तो आवाज उरलेल्या तीन डिस्कवरून त्या क्षणी मांडून काढलेला होता. मला हे नेमकं माहीत होतं. आणखी एक डिस्क गेली असती तर दोन्हींवरचं सगळं गेलं असतं, हेही माहीत होतं. तरी भजन वाजलं म्हणून मी लॅपटॉप मिटला.

वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. त्या १९ दिवसांत मी दोन मॅच पूर्ण बघितल्या. खरं हे की मला भीती वाटत होती. सर्व्हरचा डबा उघडला तर काय गेलंय ते कळणार, आणि कळलं की ताईला सांगावं लागणार. आमच्या घरात "त्याला विचार, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं" असं माझ्याबद्दल बोलतात. ते बोलणं मला आवडतं. ते टिकावं म्हणून मी बाबांचा आवाज पणाला लावला. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, फाइल चुकून पुसली तर पॅरिटीही ते पुसणं लगेच नोंदवून टाकते, हे मी ऑफिसात दुसऱ्यांना समजावून सांगतो. माझी स्वतःची बाहेरची डिस्क मात्र दोन वर्षं खरेदीच्या यादीतच होती.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त टोचते.

फुली दिसल्यावर घाबरून मी पहिलं काय केलं, तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. अनरेडची नोंदवही मेमरीत असते, बंद केलं की पुसली जाते. काय बिघडलं होतं ते थेट सांगणारं तेवढंच होतं, तेही मीच घालवलं. आणि मग कारण हवं होतं म्हणून केर काढायला येणाऱ्या मावशींना विचारलं, "कोपऱ्यातल्या डब्याला झाडू लागला का तुमचा?" विचारलं म्हणजे ठपकाच ठेवला. त्या म्हणाल्या, "नाही हो, मी तिथे हात लावत नाही." मी काहीच बोललो नाही. मला पटलेलं नाही, हे त्यांना कळावं इतका वेळ गप्प राहिलो.

विसाव्या दिवशी, शनिवारी, बसलो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो स्मार्ट अहवाल काढला. बदललेले सेक्टर शून्य, प्रलंबित सेक्टर शून्य. फक्त १९९ क्रमांकाच्या ओळीत, सीआरसी त्रुटींपुढे, २१४. म्हणजे डिस्क धडधाकट होती. तिच्यापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये माहिती बिघडत होती. डबा उघडला. आतून नीटनेटकं दिसावं म्हणून साटा केबलींची मोळी मीच गेल्या दिवाळीत प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळली होती. डिस्क ३ ची केबल त्या ताणाने खाचेतून तिरकी सुटत आलेली होती. बोट लावलं तर हलली.

पट्टी कापली, नवी केबल लावली. रात्रभर डिस्कची लांब चाचणी चालवली, ती पास झाली. रविवारी ॲरे, म्हणजे चारही डिस्कचा संच, थांबवला, त्या जागेवरून डिस्क काढून रिकामं ठेवून एकदा चालू केला, पुन्हा थांबवला, तीच डिस्क परत नेमली. त्याआधी तिच्या जागी दिसणारी भजनं उघडतात का ते पाहून घेतलं, कारण तिथे जे दिसतं तेच डिस्कवर लिहिलं जातं. डिस्क पुन्हा लिहून व्हायला साडेआठ तास लागले. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचल्या जात होत्या आणि मी टक्केवारी बघत होतो. हिरवा ठिपका आला. २३ च्या २३ कॅसेट उघडून बघितल्या, बाहेरची डिस्क आणून त्यावर उतरवल्या.

मग ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आणि मी मोकळा झाल्यासारखा बसलो. रात्री लक्षात आलं की मी तिला सगळं सुखरूप मिळाल्यावर सांगितलं. ते साडेआठ तास चालू होते तेव्हा फोन हातातच होता.

स्मार्ट अहवालातला तो २१४ आकडा पुन्हा शून्य होत नाही. केबल बदलली तरी राहतो, फक्त वाढायचा थांबतो.

मावशी त्या दिवसापासून तो कोपरा सोडून केर काढत होत्या. डब्याभोवती वीतभर पट्टा धुळीचा राहिला होता, तो मी रोज बघत होतो. आज सकाळी त्यांना सांगितलं की चूक माझीच होती, तार मीच ओढून बांधली होती, आणि तुम्हाला तसं विचारायला नको होतं. त्यांनी झाडू हातात तसाच धरून ऐकलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. "म्हटलं होतंत."