कालनिर्णयावरच्या खुणा

केमोच्या बऱ्याच उपचारांत दोन फेऱ्यांमध्ये २१ दिवसांचं अंतर असतं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, संसर्गाची भीती वाढते. माझ्या मैत्रिणीने कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारीच त्या दिवसांवर खुणा केल्या होत्या. तेव्हा ऑफिसचं काम घरून, आणि सर्दी झालेला लेक रात्री मावशीकडे. कामाचं जमलं, लेकाला लांब ठेवणं फार जड गेलं.

"आई, तुला हात लावू?" त्याने दारातूनच विचारलं. तिने खरं तेच सांगितलं : हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, हात लावल्याने तो होतही नाही, तुझी सर्दी गेली की कुशीत ये.

शेजारच्या काकूंनी "काही लागलं तर सांग" असं म्हटलंच नाही. रोज सकाळी सातला त्याचा डबा घेऊन त्या दारात उभ्या. बुधवारी भेंडी, त्याच्या आवडीची.