कडूपणाचें मूळ
(इब्री लोकांस पत्र, 12:15)

मोलगीच्या डोंगराळ भागांत शेती करणाऱ्यास तणाची ओळख सांगावयास नको. परंतु गाजरगवताची रीत निराळी आहे. 1955 च्या सुमारास पुण्यांत आढळलेलें हें परदेशी तण पुढें देशभर पसरलें. तें शेजारच्या पिकाचें अन्नपाणी घेतें, इतकेंच नव्हे. त्याच्या पानांत व मुळांत कडू द्रव्यें असतात. तीं पावसानें मातींत उतरतात आणि दुसऱ्याचें बीं नीट रुजूं देत नाहींत. उपटून तेथेंच टाकिलें, तरी कुजणारीं पानें कांहीं काळ तोच अपाय करितात.

मनांतील आकस असाच आहे. दोन घरांचें वैर मंडळींत झिरपतें, आणि ज्याचा त्या भांडणाशीं कांहीं संबंध नाहीं, अशा लेकराचा कोवळा विश्वास खुरटतो.

मग काय करावें? गाजरगवत फुलावर येण्यापूर्वींच, हात झांकून, मुळासकट काढावें. कारण एक रोप हजारों बिया टाकितें. मोकळ्या जागीं टाकळा पेरावा. तो दाट वाढून त्यास दडपितो. तसेंच, आजच भावाच्या दारीं जा, समेट करा, आणि मोकळ्या झालेल्या मनांत प्रीति पेरा. रिकामी जमीन तणाचीच होते.