साधनशुचिता आणि समिती

ज्यांचे तत्त्वज्ञान पटत नाही, त्यांच्याशी हातमिळवणी केली तर आपले तत्त्व बाटते का? १९५६ साली, मराठी भाषकांच्या राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस झालेल्या एस. एम. जोशींपुढे हा प्रश्न रोजच उभा असे.

ते स्वतः लोकशाही समाजवादी. सोबतीला डांग्यांचे कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, अगदी जनसंघही. ध्येय एक, वाटा अनेक. पण साधने शुद्ध हवीत, म्हणून शांततेचा आग्रह एसेमनी सोडला नाही. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंतप्रधान नेहरू शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा वाई-पसरणी घाटाच्या रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी काळी निशाणे घेऊन हजारो माणसे उभी राहिली. प्रक्षोभ धगधगता होता, तरी निदर्शने शांततेत पार पडली. एसेमच्या लोकशाही समाजवादाचा खरा कस इथेच लागला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य मिळाले, समिती विस्कटली. १९७७ मध्ये एसेम जनता पक्षात, पुन्हा जनसंघीयांच्या शेजारी बसले.