हरकतींचे दिवस

राज्यसेवेची पूर्व परीक्षा झाली की महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो आणि तिच्यावर हरकती मागवतो. त्या दिवसांत टेलिग्रामवरचे आमचे अभ्यासाचे ग्रुप ओळखू येत नाहीत. कुणी म्हणतं, अमुक प्रश्नाचं उत्तर चुकलंय. लगेच दुसरा विचारतो, पुरावा? क्लासच्या नोट्स तिथे चालत नाहीत. मग कुणी अकरावीच्या भूगोलाच्या पानाचा फोटो टाकतं, कुणी मूळ कायद्यातलं कलम शोधून आणतं. एक परभणीत घरी बसून अभ्यास करणारा, दुसरी पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिकेत. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं, पण एका पर्यायावरून रात्री उशिरापर्यंत वाद चालतो. पुढे अंतिम उत्तरतालिका येते. काही उत्तरं बदललेली असतात, काही प्रश्न रद्द झालेले असतात.

वर्षभरातला आमचा सगळ्यात खरा अभ्यास याच दिवसांत होतो, असं मला वाटतं. आपला पर्याय बरोबर ठरवायचा तर त्या वाक्याच्या मागचं-पुढचं सगळं वाचावं लागतं, आठवावं लागतं, दुसऱ्याला पटेल असं मांडावं लागतं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 2006चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

एरवी या ग्रुपमध्ये काय चालतं? पीडीएफ येतात, त्या साठवल्या जातात आणि तशाच राहतात. जाहिरात कधी, जागा किती, कट ऑफ किती लागेल, यावर दिवस जातो. तरी या गप्पांना मी नावं ठेवणार नाही. घरून दर महिन्याला खोलीभाड्याचे आणि मेसचे पैसे येत असतात, तेव्हा तारखेची काळजी वाटणारच. ऑगस्ट 2024मध्ये 25 तारखेची राज्यसेवा पूर्व परीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली. पुण्यात मुलं-मुली रस्त्यावर बसली आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. असल्या वेळी खरी बातमी आणि अफवा एकाच ग्रुपमध्ये, एकापाठोपाठ येतात. हरकतीच्या दिवसांत जो पुरावा मागतो, त्याने परिपत्रकाचा फोटो पुढे पाठवण्याआधीही तो मागायला हवा. ही सवय परीक्षेपुरती ठेवून चालणार नाही. उद्या आपल्यातलेच काही जण तहसीलदाराच्या खुर्चीत बसून लोकांचे अर्ज वाचणार आहेत.

आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, सगळं हाताने लिहायचं. इथे हजारोंचा ग्रुप कमी पडतो. पर्याय बरोबर की चूक, हे गर्दीला ठरवता येतं. पण दुष्काळ निवारणावरचं माझं उत्तर कुठे भरकटलं, हे सांगायला ते शेवटपर्यंत वाचणारं एक माणूस लागतं, आणि त्या माणसाचा अर्धा तास लागतो. पुण्यात असा सोबती चहाच्या टपरीवरही भेटतो. गावी राहून अभ्यास करणाऱ्याला तो ऑनलाइनच शोधावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी हे ग्रुप जास्त मोलाचे आहेत.

त्यामुळे माझ्यासारख्याच तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: मोठ्या ग्रुपमधून चार-पाच जण निवडा, शक्यतो एखादा तरी आपल्या शहराबाहेरचा. रोज एक उत्तर लिहून त्यांना पाठवा. आणि पाठवण्याआधी त्यांच्यापैकी कुणाचं तरी एक उत्तर नीट वाचून, काय पटलं नाही ते स्पष्ट लिहून द्या.