पाप कोणाच्या खात्यावर?

नटाने भूमिकेत केलेलं पाप कोणाच्या नावावर मांडायचं, हे चित्रगुप्तालाही उमगलेलं नसावं. आपल्याकडे हा हिशेब प्रेक्षक करतात, आणि तोही लहर लागेल तसा.

१९८७-८८ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. अरुण गोविल दिसले की लोक पाया पडत. ते ठीक. पण रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ साली साबरकांठ्यातून चक्क खासदार झाले! त्याच निवडणुकीत बडोद्याहून सीता, म्हणजे दीपिका चिखलिया, निवडून आल्या. पक्षही एकच. रामाला मात्र लोकसभा गाठायला २०२४ साल उजाडलं, तेही मेरठहून. हा वनवास चौदाचा नव्हे, तेहेतीस वर्षांचा भरला.

आता आमचे निळूभाऊ फुले घ्या. सेवा दलात घडलेला सरळ माणूस. पडद्यावर पाटील-सरपंच रंगवले आणि पदरात काय पडलं? शिव्या! रावणाला मत आणि निळूभाऊंना बोटं मोडणं, हा कुठला न्याय? मी आमच्या आत्याला हे तासभर पटवून दिलं.

“असेल रे चांगला,” ती म्हणाली, “पण घरी नको हो बोलावूस.”